वाटाड्या विकत घेताना

मंडळी, मागच्या व्याख्यानानंतर दोन-तीन तरुण श्रोते थांबले होते. वाकोल्याहून बीकेसीत आणि तिथून पुढे वरळी, लोअर परळपर्यंत पार्सलं पोचवणारी मुलं. त्यांनी विचारलं, "सर, बाईकवर लावायला स्वस्तात चांगला जीपीएस कोणता?" तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या माणसाला हे विचारण्यात काय अर्थ, असे तुमच्यापैकी काहींना वाटेल. आम्हाला मात्र तो प्रश्न या मालिकेत नेमका बसणारा वाटला. कारण ह्या डबीची किंमत दुकानदार ठरवत नाही, ती इतिहासाने ठरवलेली आहे. तिच्यातला कोणता भाग आपल्याला फुकट मिळालेला आहे आणि कोणत्या भागाचे पैसे आपण मोजतो, हे कळले की निवड अर्धी झालीच. म्हणून आज जरा मागून सुरुवात करू.

आपल्या भाषेत एक सुंदर शब्द आहे: वाटाड्या. घाट उतरायचा, रान ओलांडायचे, तर गावातला माणूस बरोबर घ्यायचा. तो पुढे चालणार आणि आपण मागे. वाटाड्याची पारख दोन गोष्टींवर व्हायची. त्याला वाट माहीत आहे का, आणि तो ह्या पावसाळ्यानंतर त्या वाटेने गेला आहे का? दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा, कारण दरड कोसळली की गेल्या वर्षीची वाट म्हणजे नुसती आठवण. हा दुसरा प्रश्न लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचे आहे.

मुंबईत इंग्रजांनी वाटाड्याच्या जागी दगड बसवले. फोर्टमधल्या सेंट थॉमस कॅथेड्रलपासून मैल मोजायचे आणि रस्त्याच्या कडेला त्या आकड्याचा दगड रोवायचा. त्यातले काही दगड अलीकडे फुटपाथच्या खालून, सिमेंटच्या थरातून बाहेर काढले गेले. दगड काय सांगतो? तुम्ही केंद्रापासून किती लांब आहात एवढेच. पुढे पाणी तुंबले आहे की नाही, हे त्याला ठाऊक नाही. ते विचारायला नाका होता. आजही वाकोल्यात कोणी दत्त मंदिर रोड विचारला तर माणसे रस्त्याचे नाव नाही सांगत. "ब्रिजच्या खालून घ्या, मग चर्च, मग डावीकडे" असे सांगतात. हा नकाशाच आहे, फक्त तोंडी.

आता दगडावरून घड्याळावर येऊ. तुम्ही म्हणाल, रस्त्याचा आणि घड्याळाचा काय संबंध? संबंध असा की पृथ्वीवर पूर्व-पश्चिम कुठे आहोत हे कळायला वेळच लागते. कुलाब्याची वेधशाळा १८२६ सालची. मुंबईची स्वतःची वेळ होती, ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे. हे ४ तास ५१ मिनिटे म्हणजेच मुंबईचे रेखांश, दुसऱ्या शब्दांत सांगितलेले. १९०६ साली देशाला एकच प्रमाणवेळ आली, मुंबईच्या वेळेच्या ३९ मिनिटे पुढची. मुंबईकरांनी ती सहजासहजी मानली नाही. महापालिकेने आपली जुनी वेळ पुढे कित्येक वर्षे चालवली. हे नुसते हट्टाचे प्रकरण नव्हते. "आमचा सूर्य आमच्या डोक्यावर येतो तेव्हा बारा" ही स्थानाची जाणीव त्यात होती. जागा आणि वेळ ह्या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत. हे मुंबईच्या घड्याळाने तेव्हा सांगितले आणि जीपीएस आज सांगतो आहे.

जीपीएसमध्ये नेमके काय होते? पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर अमेरिकेचे उपग्रह फिरत असतात. प्रत्येकात अणुघड्याळ. प्रत्येक उपग्रह सतत एवढेच सांगत असतो की मी अमुक ठिकाणी आहे आणि माझ्या घड्याळात आत्ता इतके वाजलेत. हा संदेश आपल्यापर्यंत यायला साधारण सात शतांश सेकंद लागतात. किती उशीर झाला यावरून अंतर काढायचे. अशी तीन अंतरे मिळाली की जागा ठरते. पण चौथा उपग्रह लागतो, आणि ह्या चौथ्यातच सगळी हुशारी आहे. आपल्या हातातल्या यंत्राचे घड्याळ स्वस्तातले, त्याच्यावर विश्वास ठेवता येत नाही. एका मायक्रोसेकंदाची चूक म्हणजे तीनशे मीटरची चूक, म्हणजे वाकोला ब्रिजवर उभे असाल तर दोन गल्ल्या पलीकडे. चौथ्या उपग्रहामुळे आपल्या घड्याळाची चूकच गणितातून काढून टाकता येते. महागडी घड्याळे वर आणि खालचे यंत्र स्वस्त, अशी ही रचना मुळातच आहे. त्यामुळे कोणी दुकानदार "ह्याचा रिसीव्हर फार भारी आहे" म्हणून दुप्पट पैसे मागू लागला तर सावध व्हा. रिसीव्हर हा ह्या सगळ्यातला सर्वांत स्वस्त भाग आहे.

जाता जाता एक गंमत. वरची घड्याळे आपल्या घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे पळतात. हा आइन्स्टाइनच्या सापेक्षतेचा परिणाम. तो हिशेबात धरला नाही तर दिवसाला अकरा किलोमीटरच्या आसपास चूक साचेल. म्हणजे सकाळी वाकोल्याहून निघालेल्याला दुसऱ्या दिवशी यंत्र मालाडच्या आसपास दाखवेल. आमचे विद्यार्थी विचारायचे, सर, सापेक्षतेचा रोजच्या जगण्यात उपयोग काय? पिझ्झा गरम पोचतो, हा उपयोग.

आता हे सगळे फुकट कसे झाले? ही व्यवस्था लष्कराची. पहिला उपग्रह फेब्रुवारी १९७८ मध्ये गेला. १ सप्टेंबर १९८३ ला कोरियन एअरलाइन्सचे ००७ हे विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरले आणि पाडले गेले. विमानातले सर्व २६९ जण गेले. त्यानंतर राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या सरकारने जाहीर केले की जीपीएस पूर्ण झाल्यावर नागरी वापरासाठी खुले राहील. पण खुले म्हणजे पूर्ण खुले नव्हे. नागरिकांसाठीच्या संदेशात मुद्दाम चूक मिसळलेली असे, त्यामुळे जागा शंभर मीटरपर्यंत चुके. जहाजाला शंभर मीटर चालतात. मोटरसायकलवाल्याला नाही चालत. शंभर मीटरच्या चुकीत द्रुतगती मार्ग, त्याचा सर्व्हिस रोड आणि आतली गल्ली ह्यांत फरकच उरत नाही. १ मे २००० ला राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी ही चूक बंद करण्याची घोषणा केली आणि त्याच मध्यरात्री ती बंद झाली. रस्त्यावरच्या वाटाड्याचा जन्म खऱ्या अर्थाने त्या रात्रीचा. महाराष्ट्र दिन होता, हा योगायोग.

आपल्याकडे नेहमी सांगितले जाते की कारगिलच्या युद्धात अमेरिकेने आपल्याला जीपीएस नाकारले. त्या गोष्टीत एक तपशील हरवतो. १९९९ मध्ये नागरी संदेश सगळ्या जगासाठीच बिघडवलेला होता, आणि अचूक संदेशाची किल्ली ज्यांच्याकडे होती त्यांनी ती दिली की नाही हा खरा प्रश्न होता. ते काहीही असो, दुसऱ्याच्या घड्याळावर किती विसंबायचे ही शंका आपल्या धोरणात तेव्हापासून पक्की बसली. २००६ मध्ये आपल्या स्वतःच्या व्यवस्थेला मंजुरी मिळाली, १ जुलै २०१३ ला पहिला उपग्रह गेला, आणि एप्रिल २०१६ मध्ये सातवा गेल्यावर तिचे नाव 'नाविक' ठेवले गेले. पुढे काय अडले? घड्याळेच अडली. पहिल्या उपग्रहातली परदेशातून आणलेली अणुघड्याळे बंद पडली. मे २०२३ मध्ये गेलेल्या एनव्हीएस-०१ मध्ये आपल्याच देशात बनवलेले अणुघड्याळ आहे. ग्राहक म्हणून ह्यातून एवढेच घ्यायचे की आजचा बरा मोबाईल अमेरिकेबरोबर रशिया, युरोप, चीन ह्यांचे उपग्रहही ऐकतो, काही मोबाईल नाविकही ऐकतात. बीकेसीच्या काचेच्या इमारतींत हा फरक जाणवतो. तिथे संदेश काचेवर आपटून येतो आणि यंत्राला अंतर खोटेच जास्त वाटते. आकाशाची फट लहान असली की ऐकायला जितके जास्त उपग्रह तितके बरे.

न्यायदर्शनात प्रमाणे चार: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. चाळीस वर्षे आम्ही हे फळ्यावर लिहिले. जीपीएसने जे काढले ते अनुमान आहे. डोंगरावर धूर दिसला म्हणून आग आहे, संदेशाला इतका उशीर झाला म्हणून मी इथे आहे. हे अनुमान फार भक्कम आहे, उघड्या आकाशाखाली पाच मीटरच्या आसपास बरोबर. पण ह्या अनुमानातून फक्त 'इथे' कळते. 'इथे' म्हणजे नेहरू रोड, त्याच्या पुढे उजवीकडे वळता येते, तो एकेरी नाही, हे सांगणारा कोण? तो नकाशा. आणि नकाशा हे अनुमान नव्हे, तो शब्द आहे. कोणीतरी तिथे गेले, पाहिले आणि येऊन सांगितले. न्यायशास्त्र म्हणते की शब्द प्रमाण होतो तो सांगणारा आप्त असेल तर, म्हणजे ज्याला विषय खरा माहीत आहे आणि जो तसाच सांगतो. मोटरसायकलचा जीपीएस घेताना आपण पैसे मोजतो ते ह्या आप्ताचे. आणि तो आप्त कोणासाठी बोलतो आहे, हे तपासायला आपण विसरतो.

भारतीय सर्वेक्षण विभाग १७६७ सालचा. लॅम्बटनने मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपाशी १८०२ मध्ये पायारेषा मोजली आणि तिथून त्रिकोणांवर त्रिकोण रचत देश मोजला गेला. तिकडेही सेंट थॉमस, इकडेही सेंट थॉमस! पण हे नकाशे राज्य चालवण्यासाठी होते. स्वातंत्र्यानंतरही सीमेलगतच्या आणि किनाऱ्यालगतच्या पट्ट्यांचे तपशीलवार नकाशे सामान्य माणसाला मिळत नसत, आणि मुंबई तर किनाऱ्यावरच. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने लष्कराची मालिका वेगळी आणि सर्वांसाठीची वेगळी केली. नवे नकाशे करण्याला परवानग्यांच्या जंजाळातून सोडवले ते १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी. इतकी वर्षे रस्त्यावरचे नकाशे कोणी केले मग? खासगी लोकांनी, गल्लोगल्ली हिंडून. मॅपमायइंडिया ही कंपनी १९९५ पासून ते करते आहे. २००४ मध्ये लंडनमध्ये सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅपमध्ये तर आपल्यासारखेच लोक फुकट भर घालतात.

ह्या वाटाड्याला पहिल्यांदा खिशातून घेऊन फिरले ते दर्यावर्दी आणि गिर्यारोहक. १९८९ मध्ये मॅगेलनने हातात मावणारे यंत्र काढले, किंमत तीन हजार डॉलरच्या आसपास. पुढे ती झपाट्याने उतरली. कोकण किनाऱ्यावरच्या मच्छीमारांच्या होड्यांवर जीपीएस मोटरसायकलींच्या आधी आला, हे शहरातल्या लोकांना सहसा माहीत नसते. जाळे कुठे टाकले, खडक कुठे आहे, ती जागा साठवून ठेवायची आणि पुढच्या खेपेला तिथेच जायचे. समुद्रात रस्ते नसतात, त्यामुळे तिथे 'इथे' कळले की काम झाले. शब्दप्रमाणाची गरज कमी, अनुमान पुरते. रस्त्यावर उलटे.

२००५-०६ च्या सुमारास गार्मिनचे झुमो आणि टॉमटॉमचे रायडर ही खास मोटरसायकलसाठीची यंत्रे आली. ती महाग का, ते समजून घेतले पाहिजे. आत मोटरगाडीच्या यंत्रापेक्षा वेगळे काही नव्हते. पैसे होते शरीराचे. पावसात भिजले तरी चालले पाहिजे, हातमोजा घातलेल्या बोटाने दाबता आले पाहिजे, दुपारच्या उन्हात पडदा दिसला पाहिजे, इंजिनाच्या थरथरीत सांधे सुटता कामा नयेत. आणि गिऱ्हाईक थोडे. आजही ह्या जातीच्या नव्या यंत्राची किंमत म्हणजे एखादी सेकंडहँड मोटरसायकल. आमच्या पिढीला चेतक स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे लागे. त्या काळात स्कूटरएवढ्या किमतीचा वाटाड्या हा विनोदच वाटला असता.

स्वस्ताई आली ती मोबाईलमधून. जानेवारी २०१० मध्ये नोकियाने आपली दिशादर्शनाची सोय फुकट केली. मग गूगल आले. आणि डिसेंबर २०१७ मध्ये एक गोष्ट घडली जिच्याकडे कोणी फार लक्ष दिले नाही. गूगलने नकाशात दुचाकीसाठी वेगळी सोय सुरू केली, आणि ती जगात पहिल्यांदा भारतात. तोपर्यंतचा प्रत्येक नकाशा मनात मोटार धरून बोलत होता. 'रस्ता' म्हणजे जिथून मोटार जाते तो. देशातली बहुसंख्य वाहने दोन चाकांची आणि वाटाड्या मात्र चारचाकीवाल्याचा! असा हा प्रकार.

मुंबईत हा प्रकार नुसता गैरसोयीचा नाही. आपल्या शहरात गेल्या पंधरा-वीस वर्षांत जे मोठे रस्ते झाले त्यांची यादी मनात करा. वांद्रे-वरळी सागरी सेतू, जून २००९ मध्ये खुला, दुचाकीला बंदी. मार्च २०२४ पासून टप्प्याटप्प्याने खुला झालेला किनारी रस्ता, बंदी. जानेवारी २०२४ चा अटल सेतू, बंदी. जुन्यात जे.जे. उड्डाणपूल, तिथेही बंदी. पुण्याला जायचा द्रुतगती मार्ग, बंदी. नागपूरकडचा समृद्धी, बंदी. कारणे सुरक्षिततेची सांगतात आणि त्यांत तथ्य आहे, वारा आहे, वेग आहे. पण परिणाम काय, तर वाकोल्यातल्या मोटरसायकलवाल्याला शहर जुन्याच रस्त्यांवर ठेवते आणि मोटारीसाठी केलेला नकाशा त्याला नेमका निषिद्ध रस्त्याच्या तोंडाशी नेऊन उभा करतो. तिथून मागे वळता येत नाही, दंड होतो, आणि पार्सल उशिरा पोचले म्हणून त्याचेही पैसे कापले जातात. तेव्हा ज्या मुलांनी प्रश्न विचारला त्यांना आमचे पहिले उत्तर हे, की पडदा किती इंचांचा आहे ते नंतर बघा, आधी ह्या वाटाड्याला दोन चाके म्हणजे काय ते कळते का बघा.

दुसरी अडचण उंचीची. सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्ता एप्रिल २०१४ मध्ये सुरू झाला आणि त्यात पुलावर पूल आहे. उपग्रहांना आडवी जागा चांगली कळते, उभी उंची तितकी कळत नाही, कारण सगळे उपग्रह आपल्या वरच असतात, खाली एकही नसतो. त्यामुळे आपण पुलावर आहोत की पुलाखाली, ह्यात यंत्राचा घोटाळा होतो. आणि एकदा चुकीचा मजला पकडला की पुढचे वळण दोन-तीन किलोमीटरांवर. इथे यंत्राने आधीच बोलून सांगायला हवे, पूल धरा किंवा खालून जा. गूगलने भारतात ही उड्डाणपुलाची सूचना २०२४ मध्ये सुरू केली. मॅपल्समध्ये चौकाचे चित्र दिसते. आम्हाला विचाराल तर वाकोल्यासाठी ही सोय पडद्याच्या आकारापेक्षा दसपट मोलाची.

तिसरी गोष्ट सांगायला कांट लागेल, माफ करा. १७८६ च्या एका निबंधात तो विचारतो की माणसाला दिशा सापडते म्हणजे काय होते? ओळखीच्या खोलीत अंधार असला तरी एका वस्तूला हात लागला की आपण वाट काढतो, पण त्यासाठी डावे-उजवे हे आपल्या शरीरात आधी असावे लागते. कुठल्याही वस्तूकडून ते मिळत नाही. आता सिग्नलला थांबलेली मोटरसायकल घ्या. जीपीएसला आपण कुठे आहोत ते माहीत आहे. तोंड कुठे आहे ते माहीत नाही. दोन जागा मिळाल्या, म्हणजे आपण हललो, तरच दिशा कळते. म्हणून थांबल्यावर तो बाण वेड्यासारखा फिरतो. यंत्रात होकायंत्राची चिप असेल तर बाण बऱ्यापैकी स्थिर राहतो. मात्र मोबाईल होल्डर चुंबकाचा घेतला तर तीच चिप गोंधळते. कांटला हा होल्डर दाखवायला हवा होता.

आता बाजारात जाऊ. कलिना-कुर्ल्याचा सीएसटी रोड म्हणा की लॅमिंग्टन रोड, दुकानात "बाईकचा जीपीएस द्या" म्हणालात तर बहुतेक वेळा तुमच्या हातात ट्रॅकर येईल. सिमकार्ड घालून सीटखाली लपवायची ती डबी, गाडी चोरीला गेली तर कुठे आहे ते मालकाला कळावे म्हणून. तो वाटाड्या नव्हे, पाळतीवरचा माणूस आहे. उपयोगाचा आहे, पण वेगळा. दुसरे म्हणजे मोटरसायकलवर लावायचे पाच इंची जलरोधक पडदे हल्ली मिळतात. ते मोबाईलला जोडावे लागतात, त्यांच्यात स्वतःचा नकाशा नसतो. पावसापासून आणि थरथरीपासून मोबाईल वाचतो, हा त्यांचा फायदा खरा. रॉयल एनफील्डने २०२० मध्ये मीटिओरवर जो छोटा गोल ट्रिपर दिला, तोही मोबाईलवरच चालतो. त्यात नुसता बाण आणि अंतर दिसते. आम्हाला ही कल्पना आवडते, कारण डोळा रस्त्यावरून कमी वेळ हलतो.

जुने, वापरलेले खास यंत्र स्वस्तात मिळाले तर? घेता येईल, पण आधी ते उघड्यावर न्या, चालू करा आणि तारीख बघा. जीपीएस आठवडे मोजते आणि १०२४ आठवडे झाले की पुन्हा शून्यावर येते. अशी उलटी फेरी ऑगस्ट १९९९ मध्ये झाली आणि ६ एप्रिल २०१९ ला पुन्हा झाली. यंत्र सुधारलेले नसेल तर ते तुम्हाला एकोणीस-वीस वर्षांपूर्वीची तारीख दाखवेल. जागा कदाचित बरोबर दाखवेलही, पण त्याची काळजी घेणारे कोणी उरलेले नाही हे त्यातून कळते, आणि मग नकाशाही तितकाच शिळा असणार.

मोटरसायकलवर स्वतःचा मुख्य मोबाईल लावणे सोपे, पण ते तितकेसे स्वस्त नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये ॲपलनेच ग्राहकांना सांगितले की मोठ्या इंजिनाच्या मोटरसायकलीची थरथर आयफोनच्या कॅमेऱ्यातली भिंगे सावरणारी यंत्रणा बिघडवू शकते. इतर कंपन्यांच्या कॅमेऱ्यांतही अशा यंत्रणा आहेत. जुलैत पडद्यावर पडलेला थेंब मोबाईलला बोटासारखाच वाटतो आणि नकाशा आपोआप सरकत राहतो. मे महिन्यात ऊन आणि चार्जिंग मिळून मोबाईल तापतो आणि पडदा मंद होतो. म्हणून पार्सलं पोचवणाऱ्या मुलांसाठी आमचे मत असे. घरात पडलेला किंवा दुकानातला एखादा जुना, पण बॅटरी धड असलेला मोबाईल फक्त ह्या कामासाठी ठेवावा. थरथर शोषणारा रबरी जोड असलेला होल्डर, गाडीच्या बॅटरीवरून फ्यूज लावून घेतलेला चार्जर, पाण्यासाठी पिशवी. नकाशा आधीच उतरवून ठेवावा, म्हणजे नेट गेले तरी चालते. ओपनस्ट्रीटमॅपवर चालणाऱ्या ओएसएमअँडमध्ये मोटरसायकलसाठी वेगळी सोय आहे. पण वाहतूक कुठे तुंबली ते कळायला नेट लागतेच, ते मुख्य मोबाईलच्या हॉटस्पॉटवरून घ्यावे. खास महाग यंत्र लडाखला जाणाऱ्याने घ्यावे. वाकोला ते वरळी रोज चार खेपा करणाऱ्याने नव्हे.

कायद्याचे एक वाक्य लक्षात असू द्या. १ ऑक्टोबर २०२० पासून केंद्राच्या मोटार वाहन नियमांत असे आहे की गाडी चालवताना हातातले संपर्कसाधन फक्त वाट बघण्यासाठी वापरता येईल, तेही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. म्हणजे होल्डरमधला नकाशा चालेल, चालत्या गाडीवर पत्ता टाइप करणे चालणार नाही. एका कानात आवाज ठेवला आणि पडद्याकडे बघणेच कमी केले तर उत्तम. पण दुसरा कान हॉर्नसाठी मोकळा हवा.

आणि आता वाटाड्याचा तो दुसरा प्रश्न: ह्या पावसाळ्यानंतर तू त्या वाटेने गेला आहेस का? जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात कळसूबाईकडे निघालेली एक मोटार रात्री नकाशा सांगत होता त्या रस्त्याने थेट धरणाच्या पाण्यात गेली आणि एकाचा जीव गेला. पाणी सोडल्यामुळे पूल बुडाला होता. गावातल्या कुठल्याही पोराने ते सांगितले असते. नकाशाचा शब्द खोटा नव्हता, तो कोरड्या दिवसांतला होता. आपल्याला हे परक्या गावचे वाटू नये. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, इथून हाकेच्या अंतरावर. त्या रात्री वाकोला नाला कुठला आणि रस्ता कुठला हे उपग्रहाला सांगता आले नसते. कमरेएवढ्या पाण्यात दोर धरून उभ्या राहिलेल्या पोरांनी सांगितले. आजचे नकाशे लोकांच्या मोबाईलच्या हालचालीवरून वाहतूक ओळखतात, ही मोठीच प्रगती. पण रस्ता रिकामा आहे तो मोकळा म्हणून की बुडाला म्हणून, हे अजूनही समोर पाहूनच कळते. प्रत्यक्ष आणि शब्द ह्यांत विरोध आला तर न्यायवाले काय म्हणतात ह्यावर दोन तास बोलता येईल. मोटरसायकलवर बसून तेवढा वेळ नसतो, तिथे डोळ्यांचे ऐका.

तर त्या मुलांना शेवटी एवढे काम सांगतो. काहीही विकत घ्या, नवा पडदा, जुना मोबाईल, सेकंडहँड यंत्र, पैसे देण्याआधी दुकानाच्या बाहेर फुटपाथवर उभे राहा. वाहन दुचाकी निवडा आणि वाकोल्याहून वरळीचा रस्ता विचारा. माहीमच्या कॉजवेवरून, दादरवरून न्यायला लागला तर पुढची तपासणी करा: तारीख बघा, नेट बंद करून बघा, पडद्यावर बाटलीतले थोडे पाणी शिंपडून बघा. सागरी सेतूवरून न्यायला लागला, तर ते तिथेच काउंटरवर परत ठेवा.